बाकी एक

१

गल्लीत तिला सगळे चष्मेबाई म्हणत, कारण कोपऱ्यावरचं चष्म्यांचं दुकान तिचं होतं आणि निम्म्या गल्लीच्या नाकावर तिनेच बसवलेले चष्मे होते. संध्याकाळी दुकान बंद करून ती घरी यायची, चपला काढायची, चहाचं आधण ठेवायची आणि ते उकळेपर्यंत पुढच्या खोलीत जाऊन एक भागाकार करायची.

हो, भागाकार. कुणी संध्याकाळी मालिका बघतं, कुणी विणत बसतं. ही फळ्यासमोर उभी राहून एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे एक्याण्णवला भागायची.

पुढची खोली म्हणजे तिच्या नवऱ्याचा गणिताचा क्लास. त्यांना सगळी गल्ली ‘सर’ म्हणायची. खोलीत बाकांच्या दोन रांगा, एक वेताची खुर्ची, रस्त्याकडे उघडणारी खिडकी आणि भिंतभर फळा. फळ्याच्या वरच्या कडेला सरांच्या हातची ती संख्या कायमची लिहिलेली असायची: १२३४५६७८९१. नवीन मुलं आली की सर खडूने तिच्याकडे बोट दाखवायचे. “बघा, एकापासून निघाली, नऊपर्यंत गेली, पुन्हा एकावर आली. दिसायला कशी सरळ! पण फोडून दाखवा बरं.” मुलं तीनने, सातने, अकराने, तेराने झटापट करायची आणि हात टेकायची. मग सर सांगायचे, की ही मूळ संख्या आहे. एकाशिवाय आणि तिच्या स्वतःशिवाय हिला कुणीही निःशेष भागू शकत नाही.

एकदा एका चुणचुणीत मुलीने विचारलं, “सर, तुम्ही स्वतः भागून पाहिलंय?”

“पुस्तकात दिलंय.”

“म्हणजे नाही पाहिलं.”

त्या रात्री जेवताना सरांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, “पोरीने बरोबर कान पकडला माझा. ऐकीव गोष्ट शिकवत आलो की गं मी इतकी वर्षं.” आणि दुसऱ्या दिवसापासून दोघांचा उद्योग सुरू झाला. पस्तीस हजार एकशे छत्तीसपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने हिला भागून बघायचं. त्याच्यापुढे जायची गरज नाही, सर म्हणाले, फुटायची असली तर त्याच्या आतच फुटेल. अशा मूळ संख्या साडेतीन हजारांच्या वर होत्या. “म्हातारपणाची सोय झाली,” ती म्हणाली होती. ती चेष्टा करत होती, पण दुसऱ्याच दिवशी पदर खोचून फळ्यापाशी उभी राहिली. उजवी बाजू त्यांची, डावी तिची. खालचं रोज पुसायचं, वरची संख्या तेवढी तशीच ठेवायची.

तीन हजार सहाशे सातची संध्याकाळ तिला अजून लख्ख आठवते. सर भागत गेले, भागत गेले, आणि नऊपाशी आल्यावर खाली चक्क शून्य आलं. दोघांनी श्वास रोखला. पण वर अजून शेवटचा एक शिल्लक होता. तो खाली घेतला. एकाला तीन हजार सहाशे सातने कसं भागणार? तो तसाच राहिला. बाकी एक.

“बघ,” सर हसले, “सगळे गेले, हा एकटा राहिला.”

“बिचारा,” ती म्हणाली.

“बिचारा काय म्हणून? तो आहे म्हणून तर ही उभी आहे. तो नसता तर केव्हाच फुटली असती.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, क्लास भरायच्या आधी वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या सर गेले. चहाला हाक मारायला ती आली, तर त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता आणि मान खिडकीकडे कलली होती. कुणी येतंय का ते बघत असावेत, तशी.

२

सर गेल्यावर तिने क्लासची खोली बंद केली नाही. लोकांना वाटलं, दुःख आहे, ओसरेल. सरांची धाकटी बहीण वरच्याच मजल्यावर राहायची. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, आता निवृत्त. तिने एकदोनदा सुचवून पाहिलं, “वहिनी, फळा शाळेला देऊन टाकू या. दादाला आवडलं असतं.”

“संपला की देऊ, वन्सं.”

“काय संपला की?”

“भागाकार.”

वन्संनी कपाळाला हात लावला आणि विषय सोडला.

ती रोज एक मूळ संख्या घ्यायची. आता दोन्ही बाजू तिच्याच होत्या, तरी ती डावीकडेच लिहायची. उजवी बाजू कोरी राहायची. बाक्या यायच्या, कधी हजाराच्या घरात, कधी शंभराच्या, ती त्या बघायची आणि पुसायची. त्यात काही सुख होतं असं नाही. पण खडू फळ्यावर वाजत असेपर्यंत खोली अगदी रिकामी वाटायची नाही, एवढं खरं.

मग तीन हजार आठशे तीनची पाळी आली.

तीन वेळा तीन. खाली नऊशे छत्तीस. सहा खाली घेतला, दोन वेळा. सात, चार वेळा. आठ, सहा वेळा. नऊ खाली घेतला, तेव्हा अकरा हजार चारशे नऊ झाले. त्यात तीन हजार आठशे तीन बरोब्बर तीन वेळा बसले. खाली शून्य.

तिचा हात थांबला. अगदी त्या संध्याकाळसारखंच. सगळे गेले. तिने वर पाहिलं, शेवटचा एक खाली घेतला, त्याला शून्य वेळा भागलं आणि सगळ्यात खाली बाकी लिहिली: १.

“बघा,” ती मोठ्याने म्हणाली, खोलीत कुणी नसताना, “पुन्हा तोच.”

स्वयंपाकघरात आधण उतू गेल्याचा वास आला म्हणून ती धावत गेली, गॅस बंद केला, ओटा पुसला आणि परत आली. फळ्यावर भागाकार होता. खाली शून्य होतं. शून्याच्या खाली काही नव्हतं.

लिहायचं राहिलं असेल, ती मनाशी म्हणाली आणि पुन्हा एक लिहिला. या वेळी जरा दाबून. पुसायला मात्र मन झालं नाही. सकाळी दुकानाला निघताना तिने सहज डोकावलं. बाकीचा सगळा भागाकार जागच्या जागी, एक नाही. पुसल्याचा डागसुद्धा नाही.

३

चष्मेबाई काही घाबरट बाई नव्हती. दिसत नाही म्हणून रडणारी माणसं रोज तिच्यापुढे बसायची आणि ती त्यांना सांगायची, की दिसत नाही याचा अर्थ नाही असा होत नाही, काच बदलून बघू. तिने तेच स्वतःवर केलं. दुकानात गेल्या गेल्या आरशातून अक्षरांचा तक्ता वाचला. सगळ्यात खालची ओळसुद्धा नीट दिसली. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर ती संख्या घातली, तीन हजार आठशे तीनने भागली. उत्तर आलं तीन लाख चोवीस हजार सहाशे तीस आणि पुढे दशांशचिन्हानंतर तीन शून्यं आणि मग छोटेसे आकडे. म्हणजे उरतंय. अगदी थोडं, पण उरतंय.

घरी येऊन तिने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, रद्दीच्या कागदाच्या कडेला भागाकार केला. बाकी एक. जिन्यात उभी राहून केला. बाकी एक. कागद घेऊन पुढच्या खोलीत गेली, फळ्याशी उभी राहून कागदावर पाहिलं, तर एक होता. तिला हसू आलं. मग तिने फळ्यावर खडूने तो उतरवला, एक पाऊल मागे सरली, पापणी लवली, आणि फळ्यावर तो नव्हता. कागदावर पाहिलं. कागदावरही नव्हता.

भिंतीला ओल असेल. खडू मऊ असेल. पण ओल नेमकी एकाच आकड्याला का यावी? आणि कागदाला कुठली ओल? तिने दुकानातून येताना नवा खडू आणला. वाणी म्हणाला, “क्लास पुन्हा सुरू केलात का?” ती म्हणाली, “चालूच आहे,” आणि स्वतःच दचकली.

नव्या खडूनेही तेच झालं.

मग तिने एक केलं, जे करायला नको होतं. एके दिवशी तिने एक लिहिलाच नाही. शून्यापर्यंत आली आणि खडू खाली ठेवला. बघू तर खरं, म्हणाली, असं राहू दिलं तर काय होतं.

काही झालं नाही. ट्यूबलाइटची कुरकुर थांबली, एवढंच. ती वर्षानुवर्षं कुरकुरणारी ट्यूब होती. इतकी, की कुरकुर थांबल्यावरच ती असल्याचं कळलं. त्या शांततेत फळ्याच्या उजव्या बाजूला, कोऱ्या बाजूला, खडू वाजला. टक. मग ओढल्याचा बारीक आवाज. मग पुन्हा टक. सर लिहिताना प्रत्येक आकड्याच्या सुरुवातीला खडू असाच टेकवायचे.

उजव्या बाजूला काही उमटलं नाही. ती पाहत राहिली. आवाज मात्र ओळीने पुढे पुढे सरकत गेला, एक अख्खा भागाकार होईल इतका, आणि थांबला.

तिच्या हातावर काटा उभा राहिला होता आणि डोळे वाहत होते. यातलं आधी काय झालं, ते तिला सांगता आलं नसतं.

४

त्यानंतर ती तीन हजार आठशे तीनच्या पुढे गेलीच नाही. रोज तोच भागाकार. रोज शून्याशी थांबायचं.

आधी नुसता खडूचा आवाज यायचा. मग एकदा वेताची खुर्ची करकरली, कुणी रेलल्यावर करकरते तशी. मग वास, खडूच्या भुकटीचा आणि इस्त्रीच्या शर्टाचा. ती डावीकडे उभी राहायची, उजवीकडे बघायची नाही. बघितलं तर जाईल, असं तिला वाटायचं. लग्नाच्या नव्या दिवसांत स्वयंपाक करताना ते मागे येऊन उभे राहायचे, तेव्हाही ती अशीच न वळता उभी राहायची. त्यात तेव्हा लाज होती. आता काय होतं, कोण जाणे.

“अहो,” ती एकदा हलकेच म्हणाली.

“हं,” उजवीकडून आलं.

नुसतं ‘हं’. वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणायचे तसं, लक्ष नसल्यासारखं. त्या एका हुंकारावर ती रात्रभर जागी राहिली, नव्या नवरीसारखी.

आता आणखी एक गोष्ट होत होती, पण ती तिने मनावर घेतली नाही. दुकानात एक आजोबा डोळे तपासायला बसले होते. नाकावर तपासणीची जड चौकट, तीत ती एकेक काच बदलत होती. “ही बरी की ही?” तिने विचारलं. आजोबा समोर बघत राहिले. तिने पुन्हा विचारलं. आजोबांनी चौकट वर सरकवली, इकडेतिकडे पाहिलं आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, “बाई, गेलात कुठे?”

ती त्यांच्या पुढ्यात हातभर अंतरावर उभी होती. तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता.

“इथे आहे की, आजोबा!”

“अरेच्चा!” ते हसले. “डोळे अगदीच गेले म्हणायचे.”

तिने त्यांचा नंबर पुन्हा तपासला. लांबचं त्यांना छान दिसत होतं.

घरी फळ्याकडे पाहताना तिच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सरांच्या हातची वरची संख्या. शेवटचा एक. सरांचा एक आधी छोटं डोकं आणि मग ताठ दांडा असा असायचा. आता त्याचा दांडा खालून वळू लागला होता, डोक्याकडे परत निघाल्यासारखा. अजून थोडा वळला असता, तर तो शून्य झाला असता.

५

वन्संच्या कानांवर अख्ख्या खात्याचा विश्वास होता. लाइनवर खरखर असली तरी माणसाचा आवाज त्या बरोबर ओळखायच्या. त्या संध्याकाळी त्या खाली आल्या त्या कानांमुळेच.

चष्मेबाई खोलीत होती. शून्याशी थांबली होती. उजवीकडून खडू वाजत होता. तेवढ्यात दार ढकलून वन्सं उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“वहिनी?”

“या ना, वन्सं.”

वन्सं आत बघत होत्या. बाकांच्या रांगा, खुर्ची, फळा. त्यांची नजर तिच्यावरून अशी गेली, जशी भिंतीवरून जाते. “कमाल आहे बाईची,” त्या पुटपुटल्या, “दिवा लावून गेली कुठे?”

“वन्सं, मी इथे आहे!”

वन्संनी मान तिरकी केली, लांबून काहीतरी ऐकू यावं तशी. मग हात लांबवून दिव्याचं बटण दाबायला गेल्या. चष्मेबाई धावली, तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि वन्संचा हात धरला. वन्सं अशा किंचाळल्या, की समोरच्या घराची खिडकी उघडली.

“कुठून आलीस तू? आत कुणी नव्हतं!”

“मी फळ्यापाशी होते. तुमच्या समोर.”

“मी काय आंधळी आहे? तूच दिलाय हा चष्मा!”

“मग काच बदलायला हवी.”

“थट्टा नको करूस गं.” वन्सं जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “मला वरती दोन आवाज येत होते. एक तुझा. रोज येतो, म्हटलं, एकटी बडबडत असेल. पण आज दुसरा मोठा होत गेला आणि तुझा बारीक. इतका बारीक, की मला वाटलं, लाइन तुटतेय.”

“दुसरा कुणाचा होता?” तिने विचारलं. आणि विचारताना तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, आशा होती. ते वन्संनी पाहिलं.

“मला नाही सांगायचं,” वन्सं म्हणाल्या.

६

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काचा गुंडाळायच्या पातळ कागदावर तिने सहज दोन आकडे लिहिले. तीन हजार सहाशे सात, जो सरांनी भागला होता. तीन हजार आठशे तीन, जो तिने. दोघांचा गुणाकार केला. एक कोटी सदतीस लाख सतरा हजार चारशे एकवीस. त्याला नव्वदने गुणलं.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. शून्य.

ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली. त्यांचा आकडा आणि तिचा आकडा एकमेकांत मिळतच होते. मध्ये आडवा उभा होता तो फक्त एक. तो नसला, की सगळं जुळत होतं. आणि तो एक आधी कुणीतरी हळूच काढून घेत होतं, आता तीच लिहीत नव्हती, आणि तेवढीच ती लोकांना दिसेनाशी होत होती. हे तिने स्वतःला शब्दांत सांगितलं नाही. ती हिशेबाला पक्की होती. न सांगताच तिला कळलं.

घरी आली तेव्हा वन्सं क्लासच्या दाराशी स्टूल टाकून बसल्या होत्या.

“आत जाऊ नकोस, वहिनी.”

“शेवटचं जाते.”

“मग मी इथून हाक मारत राहीन. तू ओ देत राहा.”

ती आत गेली. आधण ठेवलं नव्हतं. भागाकार मांडला. तीन, दोन, चार, सहा, तीन. शून्य. ट्यूब गप्प झाली.

“वहिनी, आहेस ना?”

“आहे.”

बाहेर अंधारून येत होतं, त्यामुळे खिडकीच्या काचेत सगळी खोली दिसत होती. बाक, खुर्ची, फळा. काचेतल्या खोलीत ती नव्हती. तिच्या जागी कुणीच नव्हतं. पण उजव्या बाजूला, फळ्याकडे तोंड करून, कुणीतरी पाठमोरं उभं होतं. विरळ झालेले केस. पाठीवर इस्त्रीची घडी. कोपरापाशी खडूचा पांढरा फराटा, जो ती दर रविवारी घासून घासून काढायची. हातात डस्टर.

एवढं जवळ. वळलं की झालं.

“वहिनी!”

“आहे,” ती म्हणाली. वन्संनी पुन्हा हाक मारली, ओ ऐकलीच नसल्यासारखी. आणि पुन्हा. त्यांच्या आवाजात रडू आलं होतं.

चष्मेबाईने खडू उचलला. का उचलला, ते तिला नक्की माहीत नव्हतं.

“राहू दे गं,” उजवीकडून आवाज आला. अगदी त्यांचाच. थकलेला, समजुतीचा. “एकच तर आहे.”

आणि तिथे ती थिजली. कारण सर असं म्हणूच शकत नव्हते. ते शाळेत शिकवत असताना पाठ्यपुस्तकातलं एक उत्तर चुकीचं निघालं, तेव्हा सगळी शाळा म्हणत होती, जाऊ द्या, एका आकड्याचा तर फरक आहे; आणि सरांनी वर्षभर पत्रं लिहून छापणाऱ्यांना ते बदलायला लावलं होतं. स्वतःच्या भाच्याला अर्ध्या मार्कासाठी नापास करणारा माणूस. तो बाकी पुसेल? उत्तर जुळावं म्हणून खोटं शून्य मांडेल?

मग हे कोण आहे?

भीती तिला तेव्हा वाटली. पहिल्यांदा. आवाज त्यांचा, वास त्यांचा, शर्टाचा डागसुद्धा त्यांचा, आणि आत कोण? काचेतला डस्टर धरलेला हात हळूहळू डावीकडे येत होता. तिच्या बाजूला. तिच्या शून्याच्या खाली, जिथे एक लिहायचा असतो, त्या जागेवर येऊन थांबला. बोटांना भुकटी लागलेली. बोटं थरथरत होती.

तिने त्या बोटांच्या मधून हात घातला आणि एक लिहिला. इतक्या जोराने, की खडू मोडला.

ट्यूब कुरकुरू लागली. काचेत एक बाई उभी होती, पदर खोचलेली, एकटी.

७

वन्संनी तिला बाहेर आणलं, जिन्यात बसवलं, पाणी पाजलं.

“बरं केलंस,” वन्सं म्हणाल्या.

“आत ते नव्हतेच, वन्सं. त्यांनी असलं कधी केलं नसतं. दुसरंच काहीतरी होतं, त्यांचा आवाज घेऊन आलेलं.”

वन्संनी मान डोलावली नाही. पाण्याचा पेला हातात फिरवत राहिल्या.

“काय झालं?”

“काही नाही.”

“वन्सं.”

“मी दारात बसले होते,” वन्सं म्हणाल्या. “आत खडू मोडल्याचा आवाज आला. आणि मग माझ्या बाजूने कुणीतरी बाहेर गेलं. दिसलं नाही मला. पण लहानपणी शाळेत निघताना दादा दारातून जाता जाता मला डोक्यावर टपली मारायचा. रोज. मी चिडायचे. हे दुसऱ्या कुणाला कसं माहीत असेल?” त्यांनी पेला खाली ठेवला आणि डोक्यावर, भांगाच्या जरा मागे, हात लावला. “तश्शीच मारली, वहिनी. हळूच. रागावून नाही.”

चष्मेबाईने तोंडात पदर कोंबला आणि ओणवी झाली. सर गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. उभ्या आयुष्यात गणितात कधी लबाडी न केलेल्या त्या माणसाने मेल्यावर ती केली होती, हात थरथरत असताना केली होती, तिच्यासाठी केली होती. आणि तिने त्यांना ओळखलं नाही.

फळ्यावर वरची संख्या आता स्वच्छ दिसते. शेवटचा एक ताठ आहे. तीन हजार आठशे तीनच्या पुढची संख्या तीन हजार आठशे एकवीस, पण तिच्याकडे चष्मेबाई अजून गेलेली नाही. संध्याकाळी दुकान बंद करून ती येते, तोच भागाकार मांडते, शून्यापर्यंत येते आणि शेवटचा एक खाली न घेता खडू ठेवून देते. ट्यूब कुरकुरत असते. उजव्या बाजूला काही वाजत नाही.

वन्सं दाराशी स्टूलवर बसतात. हातात विणकाम, नाकावर चष्मा. त्या तिला अडवत नाहीत. अडवून उपयोग नाही, हे त्यांना कळून चुकलं आहे. त्या फक्त मधून मधून मान वर करतात.

“दिसतेस,” त्या म्हणतात.

ती हलत नाही. उजवीकडे बघतही नाही. थोडा वेळ जातो.

“आता?”

“आताही दिसतेस, वहिनी.”